डाव्या हातातला कहवा

माणूस वय, वजन आणि पगार यांबद्दल खोटं बोलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या दुकानात माणूस अंतराबद्दल खोटं बोलतो.

"किती लांबवर नेम धरणार?" हा माझा पहिला प्रश्न. उत्तर ठरलेलं असतं, "एक किलोमीटर. कधीकधी दीड." मी मान डोलावते आणि कागदावर पाचशे मीटर लिहिते. पेन्सिलने लिहिते, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही.

मस्कतमध्ये, कुरुमच्या एका मागच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या रायफली ग्राहकाच्या मापाने जुळवून देणं हा आमचा धंदा. मी मूळची खेडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. दुकानात मी बंदूक विकत नाही. मी प्रश्न विचारते आणि कागद भरते. तो कागद परवान्याच्या अर्जासोबत जातो, मग परदेशातल्या कारखान्यात जातो आणि तिथून त्या मापाची नळी तयार होऊन येते. पुढचं काम, म्हणजे दस्ता, रायफलीचा मागचा भाग, छातीखांद्याला बसवणं, घोड्याचा दाब जुळवणं, दुर्बीण सरळ लावणं, हे सगळं उस्मानभाईंचं. उस्मानभाई श्रीवर्धनचे. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. धातूशी फार बोलतात, माणसांशी कमी.

सासूबाईंना आम्ही "खेळाच्या साहित्याचं दुकान" असं सांगितलेलं आहे. त्यात खोटं काही नाही. दर सुट्टीत मी इथल्या मॉलमधून दोन बॅडमिंटनच्या रॅकेटी विकत घेऊन जाते आणि सासूबाई त्या शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवतात.

आता थोडं धंद्याचं. बाहेरचे लोक ज्याला गोळी म्हणतात ते खरं काडतूस. पितळेची नळकांडी, तिच्या पोटात दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी आणि तोंडात बसवलेली गोळी. गोळी उडून जाते, पितळ मागे राहतं. लांब पल्ल्याची रायफल ठरवताना काडतूस आधी ठरवायचं आणि बाकी सगळं त्यामागून. ग्राहक नेमके उलटे येतात. रायफलीचा रंगसुद्धा ठरवून येतात आणि शेवटी विचारतात, "आणि मॅडम, काडतूस कुठलं घालू?" आधी पातेलं घ्यायचं आणि मग जेवायला माणसं किती ते विचारायचं, असा हा प्रकार.

काडतूस निवडताना मी चार गोष्टी पाहते. किती लांब मारायचं. वर्षाला किती वेळा मारायचं. ते काडतूस पुढच्या वर्षीही मस्कतमध्ये मिळणार आहे का, कारण जगातलं सर्वोत्तम काडतूस बंदरात अडकलेलं असेल तर त्याचा उपयोग पेपरवेटइतकाच. आणि चौथी गोष्ट खांदा, म्हणजे बार उडताना बसणारा उलटा धक्का त्याला किती सोसतो. ही चौथी गोष्ट कुठल्याच पुरुषाला विचारता येत नाही.

हे मी शिकले ते एका तरुण इंजिनियरमुळे. बौशरला राहायचा, हुशार, नम्र. त्याला सगळ्यात मोठं काडतूस हवं होतं, मी सगळ्यात मोठं दिलं. त्याने मागितलं, परवाना मिळाला, माझं काम संपलं. त्याने एकूण चार वेळा घोडा दाबला. चौथ्यांदा दुर्बीण भुवईवर आदळली. ती रायफल आता त्याच्या तिजोरीत आहे आणि तिजोरीसमोर त्याच्या बायकोने इस्त्रीचं टेबल कायमचं उभं केलं आहे. तो अजून मला सलाम करतो, भुवईवरच्या वणासकट. साधं काडतूस घेतलं असतं तर तो आज उत्तम नेमबाज असता. एक प्रश्न विचारायचा मी टाळला, एवढंच झालं. पण ते टेबल माझ्या नावावर आहे.

तर, अबू सालिम.

हे गृहस्थ डोंगराकडच्या एका गावचे. वय सत्तरीच्या आतबाहेर, कमरेला पट्टा, डोक्याला मुसर नीट बांधलेला, हिंदी आमच्यापेक्षा चांगली. खजुराच्या व्यापारात अर्धं आयुष्य मुंबईकरांशी घासाघीस करण्यात गेलेलं. त्यांनी आल्या आल्या टेबलावर एक रिकामं पितळ उभं ठेवलं. माझ्या मधल्या बोटापेक्षा जाड आणि जवळपास तेवढंच लांब.

"उख्ती," ते म्हणाले. उख्ती म्हणजे बहीण. "हे माझ्या मेहुण्याचं. हमदचं. मला याच्याहून एक नंबर मोठं पाहिजे."

"किती लांब मारणार?"

"हमदपेक्षा लांब."

मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. त्यांच्या गावात दोन घराण्यांची दर हिवाळ्यात नेमबाजी होते, परवानगी घेतलेल्या मैदानावर. प्रत्येक घराण्याचा एकच माणूस चटईवर आडवा होतो. अबू सालिम आपल्या घराण्यासाठी तीस वर्षं त्या चटईवर होते. मागच्या ईदला भर मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, हमद म्हणाला होता, "अबू सालिमने आता चटई पुतण्याला द्यावी आणि आपण पाहुण्यांना कहवा ओतावा." सगळे हसले. अबू सालिमही हसले आणि हसता हसता बोलून बसले की यंदा हमदपेक्षा एकही नेम कमी लागला तर चटईच काय, रायफल पुन्हा हातात धरणार नाही. चारचौघांत बोललेला शब्द. आता मागे घेता येत नव्हता.

मी कागदावर मोठं काडतूस लिहिणारच होते. इतक्यात आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, रिवाजाप्रमाणे कहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी, ओतून कप पुढे केला. इथे कहव्याचा छोटा, बिनकानाचा कप उजव्या हातानेच घेतात. लहान मुलालाही ते शिकवावं लागत नाही. अबू सालिमांनी तो डाव्या हाताने घेतला. प्यायले. पुरे झाल्याची खूण म्हणून कप हलवतात, तोही डाव्या हाताने हलवला. अर्बाबने छताकडे पाहिलं. पाहुण्याची चूक दिसली की यजमान छताकडे पाहतो.

ते गेल्यावर उस्मानभाई लेथमागून बाहेर आले. "बाय, म्हातारा डाव्या हातान प्याला."

"पाहिलं मी."

"खांदा गेलाय त्याचा. मोठा काडतूस दिलास तर हात गळ्यात बांधून परत येल."

मी पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं आणि अबू सालिमांना निरोप पाठवला की कागद पाठवण्याआधी दुकानाच्या रायफलीवर एकदा चाचणी घ्यावी लागते. असा नियम आमच्याकडे नव्हता. त्या दुपारपासून आहे.

चाचणीच्या आदल्या दिवशी एक बाई आल्या. काळा अबाया, हातात सोन्याच्या बांगड्या आणि हलव्याचा डबा. त्यांनी आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना ते पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

"मी अबू सालिमची बायको. मी इथे आलेच नाही."

"बरं."

"तो उजव्या कुशीवर झोपत नाही. खांद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाला, हलका धक्का चालेल, जोराचा नको. नवऱ्याने मला सांगितलं की डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे." त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "त्याला लहान काडतूस दे, बिंती. पण मला खांद्याचं ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. त्याला वाटतं मी त्याला अजून तरणा घोडा समजते."

एक्कावन्नाव्या वर्षी मला बिंती, म्हणजे पोरी, म्हणणारं कोणी उरलेलं नाही. मी हलवा घेतला.

"पण समोर तुमचाच भाऊ आहे ना?" मी विचारलं.

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "हमदचं तोंड मी लहानपणापासून ऐकतेय."

जाताना त्यांनी माझ्याकडून देवाची शपथ घालून वचन घेतलं. वल्ला, कुणाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही तिघं. उस्मानभाई शेजारी बसून एकेक काडतूस भरून रायफल हातात देत होते. मोठ्या काडतुसाचे दोन नेम झाले, दोन्ही धुळीत. तिसऱ्या वेळी उस्मानभाईंनी भरलं ते दारू नसलेलं, सरावाचं काडतूस. दिसायला तसंच. ही धंद्यातली जुनी युक्ती. धक्क्याची भीती बसलेला माणूस घोडा दाबायच्या क्षणी स्वतःच आकसतो. बार उडाला तर ते धक्क्यात लपून जातं. नाही उडाला तर उघडं पडतं.

अबू सालिमांनी घोडा दाबला. टक्. नुसता टक्. आणि नळीचं तोंड पाणी प्यायला वाकलेल्या शेळीसारखं खाली गेलं.

उस्मानभाईंनी आकाशात एक घार शोधून काढली. अबू सालिम तसेच चटईवर पडून राहिले. मग त्यांनी विचारलं, "लहान काडतूस कुठलं?"

मी साडेसहा मिलिमीटरचं पुढे केलं. पितळ करंगळीएवढं. "एक किलोमीटर आरामात जातं," मी सांगितलं. "मोठं काडतूस म्हणजे म्हशीची ढुशी. हे म्हणजे शेळीची. आणि वारा दोघांनाही ढकलतो. वारा ज्याला कळतो त्याचाच नेम लागतो."

"वारा मला कळतो," ते म्हणाले. यात मात्र फुशारकी नव्हती. दुकानाच्या दुसऱ्या रायफलीवर त्यांनी लहान काडतुसाचे पाच नेम मारले. पहिले दोन आकसून, उरलेले तीन शांतपणे. तिन्ही वेळा पत्रा वाजला.

गाडीत बसताना ते माझ्या खिडकीशी आले. "साडेसहा लिही. पण घरी कळता कामा नये. बायकोला वाटतं, मी अजून तसाच आहे. आणि हमदला तर नाहीच नाही. तू असं कर, नळीवर मोठ्या काडतुसाचा नंबर कोरून घे."

"ते नाही जमणार."

"फक्त आकडे तर आहेत."

"नळीवर जे कोरलेलं असतं त्यावर विश्वास ठेवून माणूस काडतूस भरतो. आज तुम्ही, उद्या तुमचा पुतण्या. चुकीचं काडतूस भरलं तर रायफल चेहऱ्याशी फुटते. परवान्यावर साडेसहा, नळीवरही साडेसहा. बाकी जे सांगाल ते करते."

त्यांनी ते मान्य केलं. मग वचन घेतलं. वल्ला, कुणाला सांगणार नाही.

अशी मी नवरा-बायकोच्या मधे, एकाच गुपिताच्या दोन शपथा खाऊन बसले. वादी अदाईच्या आमच्या घरात मी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "दोघांना एकमेकांसमोर बसव आणि मोकळी हो." माझा नवरा एअर कंडिशनिंगच्या धंद्यात आहे. त्याच्या धंद्यात शपथा नसतात.

"बाकी जे सांगाल ते" हे मी उस्मानभाईंवर सोपवलं आणि म्हातारपणी त्यांना खेळणं मिळालं. जाड नळी मागवली, मनगटाएवढी. दस्ता रुंद आणि जड. वजन जितकं जास्त तितका धक्का कमी, त्यामुळे हे खांद्याच्या फायद्याचंच होतं. खांद्याशी मऊ रबराची गादी. नळीच्या टोकाला वायू बाजूला फेकणारा मोठा तोंडपट्टा. त्याने धक्का आणखी कमी होतो आणि आवाज असा होतो की शेजारी बसलेल्याने पूर्वजांची नावं आठवावीत. आकडे खरेच कोरले होते, काडतूस भरताना डोळ्यांसमोर येतील असे. फक्त दुर्बिणीच्या सावलीत. तयार झालेली रायफल हमदच्या रायफलीपेक्षा दीडपट दांडगी दिसत होती.

"बाय," उस्मानभाई तिच्यावरून कापड फिरवत म्हणाले, "आतमधी शेळी, भायेरून म्हैस."

अबू सालिमांनी तिच्यावर दोन महिने सराव केला. एकदा काडतुसांचं खोकं उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं मला दिसलं. तापलेली दारू जास्त जोरात जळते आणि गोळी ठरल्यापेक्षा वर जाते. मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. तेव्हापासून काडतुसं थंडपेटीत, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्यांशेजारी राहू लागली.

नेमबाजीच्या दिवशी मला आणि उस्मानभाईंना आमंत्रण होतं. डोंगराच्या पायथ्याशी तंबू, गालिचे, मटणाची हंडी. समोर रेताड मैदान आणि त्यात सहा पांढरे पत्रे, सगळ्यात लांबचा आठशे मीटरवर. हमद भेटला. उंच, हसरा, खांद्यावर ती प्रसिद्ध रायफल. त्याने अबू सालिमांची नळी पाहिली आणि त्याचं हसू जरा कमी झालं.

"हे कुठलं काडतूस?" त्याने मला विचारलं.

"एका ग्राहकाचा कागद मी दुसऱ्याला दाखवत नाही."

मला वाटलं, सगळं सांभाळलं. मग त्या घराण्यांची एक रीत कळली. ती मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. लागलेल्या प्रत्येक नेमाचं रिकामं पितळ उचलून तंबूतल्या परातीत ठेवायचं. डावीकडे एका घराचं, उजवीकडे दुसऱ्याचं, म्हणजे मोजणीत वाद नको. परात सगळ्यांच्या समोर, कहव्याच्या सुरईशेजारी.

दुर्बिणीच्या सावलीत आकडे लपवणारी मी हुशार बाई. पितळाचा विचारच केला नव्हता. हमदचं बोटाएवढं पितळ आणि शेजारी अबू सालिमांचं करंगळीएवढं. पत्रे सगळेच्या सगळे वाजले असते तरी गाव वर्षभर त्या परातीवरच हसलं असतं. मी उस्मानभाईंकडे पाहिलं. त्यांना याही वेळी घार सापडली होती.

हमदने पहिला पत्रा वाजवला. त्याचं पितळ परातीत आलं, ठण्ण. अबू सालिमांनी पहिला नेम मारला. तंबू हादरला, सुरईचं झाकण वाजलं, हमदने कान झाकले. पत्रा वाजला. त्यांचा पुतण्या पितळ मुठीत घेऊन आला आणि परातीपाशी वाकला.

परातीपाशी घरातली वडील बाई बसते. ती अबू सालिमांची बायको होती. तिने हात पुढे केला, पुतण्याच्या मुठीतून पितळ घेतलं आणि परातीत ठेवण्याऐवजी तिथे एक खजूर ठेवला.

"हे काय?" हमदकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मोजणीसाठी पितळच कशाला पाहिजे," ती म्हणाली. "आमच्याकडे खजूर भरपूर आहेत." आणि पितळ अबायाच्या खिशात गेलं.

लोकांना गंमत वाटली. पाहुणचारात कोण वाद घालणार. डावीकडे पितळ, उजवीकडे खजूर, असं सुरू झालं.

पाचव्या नेमापर्यंत हमदचे तीन लागले होते. मोठ्या काडतुसाने त्याचा खांदा लाल केला होता आणि प्रत्येक वेळी तो घोडा दाबायला जास्त वेळ घेत होता. अबू सालिमांचे चार. शेवटचा पत्रा लांबचा. ऊन चढल्यामुळे जमिनीवरची हवा पाण्यासारखी हलत होती आणि पत्रा तिच्यात नाचत होता. हमद थांबला नाही. त्याचा नेम लागला. चार-चार. "एकही कमी नाही" असा शब्द होता, म्हणजे चुकले तरी अबू सालिमांची चटई राहत होती. एवढ्यावर उठून आले असते तरी चाललं असतं.

ते उठले नाहीत. चटईवर पडून समोरच्या एका काटेरी झुडपाकडे बघत राहिले. बराच वेळ. हमद म्हणाला, "यल्ला, चल की, झोपलास का?" झुडपाची फांदी एकदा डावीकडे झुकली आणि स्थिर झाली. अबू सालिमांनी घोडा दाबला. नळी जागची हलली नाही. आवाज डोंगरावरून परत आला आणि त्याच्यामागून पत्र्याचा बारीक टण्.

तंबूत गलका झाला. पाचवं पितळ खिशात टाकून, परातीत पाचवा खजूर ठेवून अबू सालिमांची बायको नवऱ्यासाठी कहवा ओतायला उठली आणि तिचा खिसा खुळखुळला.

"काय वाजतंय?" हमदने विचारलं.

"बांगड्या," ती म्हणाली.

अबू सालिम दोन पावलांवर उभे होते. त्यांनी खिशाकडे पाहिलं, परातीतल्या पाच खजुरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. खजुराच्या व्यापारात आयुष्य गेलेला माणूस, त्याला हिशेब कळायला वेळ लागला नाही. तिने कप पुढे केला. त्यांनी उजवा हात उचलला. खांद्यापाशी तो जरा अडला, पण त्याच हाताने त्यांनी कप घेतला आणि थेंबही न सांडता प्यायले. माझ्या दोन्ही शपथा तिथेच फिटल्या. मी मटणाकडे वळले.

पंधरा दिवसांनी दुपारी दुकानाचं दार उघडलं. हमद. एकटाच.

"अबू सालिमची रायफल तुम्हीच बनवली ना?"

"हो."

"मला तशीच पाहिजे. तीच नळी, तोच आवाज. फक्त काडतूस त्याच्याहून एक नंबर मोठं."

मी समोरची खुर्ची दाखवली, कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली. अर्बाबने कहवा ओतून कप पुढे केला. हमदने उजवा हात उचलायला सुरुवात केली, अर्ध्यात थांबवला आणि डाव्या हाताने कप घेतला.

अर्बाबने छताकडे पाहिलं. लेथमागून उस्मानभाईंचं डोकं वर आलं.

"बसा," मी म्हणाले. "आधी सांगा, बहिणीशी बोललात का?"